डिजिटल पुस्तक विकत घेण्याआधी घरातले पुस्तक उघडा

जून उजाडला की दादरच्या छबिलदास गल्लीत हातात यादी घेतलेल्या पालकांची गर्दी होते. पुस्तके, वह्या, कव्हरे, लेबले. अलीकडे या खरेदीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे: ‘इंटरॅक्टिव्ह’ डिजिटल पुस्तके. शाळेच्या फाटकावर त्यांची पत्रके हातात पडतात, शिकवणीवाले सुचवतात, आणि संध्याकाळी नेमका कुकर लावलेला असताना एखाद्या कंपनीचा फोन येतो की तुमच्या मुलाची मोफत चाचणी घेतो. मग गिरगाव काय नि लालबाग काय, पालकांचे तेच तीन प्रश्न असतात. कोणते ॲप घ्यावे? टॅब घ्यावाच लागेल का? आणि एवढे करून मुलाला अभ्यासाची गोडी लागेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिले दोन त्यावर अवलंबून आहेत. गोडी लागू शकते, पण दोन अटींवर. मूल पडद्यावर जिथे बोट लावते ती जागा धड्यातल्या आशयाशी बांधलेली हवी, आणि निदान सुरुवातीचे काही आठवडे शेजारी एखादे मोठे माणूस बसलेले हवे. हे जमले तर फुकटचे पुस्तकही पुरते. नाही जमले तर हजारो रुपयांचा पॅक दिवाळीनंतर कुणी उघडतही नाही.

समोर आलेले पुस्तक नेमके कोणत्या जातीचे?

विक्रेते सगळ्यालाच ‘डिजिटल बुक’ म्हणतात. तुम्ही मात्र तीन ढीग करा.

- नुसती पीडीएफ. छापील पान जसेच्या तसे पडद्यावर. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके या स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तक हरवले, मामाकडे गेल्यावर गृहपाठ आठवला, अशा वेळी ती हाताशी असलेली बरी. गोडी लावणे हे तिचे काम नाही, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर ती वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा.
- बोलणारे, हलणारे पुस्तक. गोष्ट वाचून दाखवली जाते, वाचताना शब्द ठळक होतात, मध्ये चित्रफीत येते. मूल ऐकते आणि पाहते. लहान मुलांना आणि वाचनात मागे पडलेल्यांना याचा चांगला उपयोग होतो.
- काहीतरी करायला लावणारे पुस्तक. नकाशावर किल्ला त्याच्या जागी ठेवा, तार जोडून दिवा पेटवा, अपूर्णांकाचे तुकडे जुळवा, चुकले तर कुठे चुकले ते पाहा. खरे इंटरॅक्टिव्ह ते हेच. जाहिरातीत सगळेच आपण या ढिगातले असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात असे थोडेच निघतात.

सुरुवात बालभारतीच्या पुस्तकापासून

मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर यातले एक पुस्तक तुमच्या घरात आधीच आले आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानावर आणि पाठांजवळ चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात. (पुस्तक हातात आहेच तर प्रकाशकाचा पत्ताही वाचा: प्रभादेवी, मुंबई २५. आपल्या शेजारचाच मामला आहे.) कोडमागचे साहित्य ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या मंचावर ठेवलेले असते. हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला होता, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला त्यात या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे कल्पना आपल्याच राज्यातल्या एका छोट्या शाळेत रुजलेली. तरीही मुंबईतल्या कितीतरी घरांत हा कोड वर्षभर कोराच राहतो.

तो असा वापरा:

1. फोनमध्ये दीक्षा ॲप घ्या. फोनमध्ये जागा नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन करा, दीक्षाचे संकेतस्थळ उघडेल.
2. ॲप सुरुवातीला भाषा, मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारते. मंडळ म्हणून महाराष्ट्र निवडा. घाईघाईत भलतेच मंडळ निवडले जाते आणि मग ‘आमच्या पुस्तकातले काहीच नाही यात’ अशी तक्रार होते.
3. मूल सेमी इंग्रजीत असेल तर इथे हमखास गफलत होते. नुसते मराठी माध्यम निवडले तर गणित आणि विज्ञान मराठीतून समोर येईल, शाळेत मात्र ते इंग्रजीतून चालू असेल. या दोन विषयांसाठी इंग्रजी माध्यम निवडा, बाकीच्यांसाठी मराठी. आधी संकल्पना मराठीतून समजून घ्यायची असेल तर दोन्ही पाहा. मला विचाराल तर सेमीच्या मुलांसाठी हा फार मोठा फायदा आहे, आणि तो कुणी घेत नाही.
4. पान चुरगळलेले असेल किंवा प्लॅस्टिकचे कव्हर चमकत असेल तर कोड वाचला जात नाही. अशा वेळी कोडखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण ॲपमध्ये टाइप करा.
5. वाय-फाय मिळेल तिथे आठवड्याचे साहित्य उतरवून ठेवा. जुन्या चाळींच्या जाड भिंतींआड नेटवर्क कधी दगा देईल याचा नेम नसतो.

आता खरे सांगायचे तर या कोडमागचे सगळे सारख्या दर्जाचे नाही. एखाद्या पाठाला उत्तम सराव आहे, दुसऱ्याला फळ्यासमोर उभे राहून केलेली लांबलचक चित्रफीत. म्हणून मुलाच्या हातात फोन देण्याआधी रविवारी दुपारी तुम्ही स्वतः पुढच्या दोन-तीन पाठांचे कोड उघडून बघा. चांगले असेल तिथे पुस्तकात पेन्सिलने खूण करा. बाकीचे खुशाल सोडून द्या.

दुसरी काळजी आवृत्तीची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातला अभ्यासक्रम इयत्तानिहाय टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. शेजारच्या ताईचे गेल्या वर्षीचे पुस्तक, वॉट्सॲपवर आलेली पीडीएफ किंवा ॲपमधला जुना पाठ तुमच्या मुलाच्या पुस्तकाशी जुळतोच असे नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष आधी पाहा.

पैसे मागणाऱ्या पुस्तकाची पाच मिनिटांत परीक्षा

चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. समजा, दोन डिजिटल पुस्तके तुमच्यासमोर आहेत. एकात मावळ्याला बोट लावले की तलवारींचा खणखणाट होतो, घोडा खिंकाळतो, पडदा हादरतो. दुसऱ्यात नकाशा आहे. तोरणा, राजगड, प्रतापगड मुलाने आपल्या हाताने त्यांच्या जागी ठेवायचे, आणि किल्ला बसला की तो केव्हा घेतला किंवा का बांधला ते उलगडते. पहिल्यावर मूल जास्त खूश होईल. दहा मिनिटांनी ‘काय वाचलेस?’ विचारलेत तर दुसऱ्यावाल्याला सांगता येईल.

हा केवळ माझा अंदाज नाही. लहान मुलांची कागदी आणि डिजिटल पुस्तके ताडून पाहणाऱ्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीच गोष्ट नुसती पडद्यावर आणली तर मुलांना ती कागदापेक्षा कमी समजते, असे त्यात दिसले. पडद्यावरच्या करामती गोष्टीच्या आशयाला धरून असल्या तर मात्र डिजिटल पुस्तक कागदावर मात करते. निवड करायला एवढे पुरेसे आहे.

विक्रेत्याला नमुना दाखवायला सांगा आणि स्वतः करून पाहा:

- मुद्दाम चुकीचे उत्तर द्या. लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच आले तर ते पुस्तक शिकवत नाही, फक्त तपासते. चूक का झाली हे दाखवणारे पुस्तक हवे.
- आवाज बंद करून एक पान चालवा. मागे काही उरते का?
- मराठी ऐका आणि वाचा. जोडाक्षरे फुटलेली आहेत का? ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले ‘च’ वेगळे ऐकू येतात का? यंत्राने केलेले भाषांतर दोन वाक्यांत उघडे पडते, आणि तसली भाषा मुलांच्या तोंडी बसलेली पुढे निघता निघत नाही.
- पुस्तकातला एखादा शब्द ‘शोधा’ या खिडकीत युनिकोडमध्ये टाका. सापडला नाही तर मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे किंवा नुसते चित्र आहे. मग त्यात मोठे अक्षर करणे, शब्दार्थ बघणे, मोठ्याने वाचून घेणे यातले काही धड चालणार नाही.
- फोन विमान मोडवर टाका. उतरवलेले पान उघडते का ते पाहा.
- नाणी, तारे, रोजची हजेरीची बक्षिसे आणि मध्येच जाहिराती दिसल्या तर सावध व्हा. मूल चिकटून राहील, पण नाण्यांसाठी.

कुणाला काय द्यावे

पहिली-दुसरीच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरच्या गोष्टी द्या. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे २०१५ पासून चालू असलेले मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या मिळतात. मूल अडखळत वाचत असेल तर इयत्ता विसरा आणि पहिल्या पातळीपासून सुरू करा. या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचे नाव ठेवून तुम्ही त्या उतरवू शकता, छापू शकता, कोकणातल्या गावच्या बोलीत फिरवूनही घेऊ शकता. लालबाग-परळमधल्या मालवणी घरांतून असे काही झाले तर मजा येईल.

तिसरीपासून सातवीपर्यंतचा काळ सगळ्यात उपयोगाचा. गणितातले अपूर्णांक आणि विज्ञानातले विद्युत मंडल या दोन जागी मुले अडतात, आणि नेमके तिथेच कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स कामाला येतात. ती मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. मूल बॅटरी, तार, दिवा स्वतः जोडते. तार अर्धवट जोडली तर दिवा लागत नाही, आणि का लागत नाही ते त्याला दिसते. तेच प्रत्यक्ष हाताने करायचे असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायच्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि पुस्तके मराठीतही आहेत. पडद्यावर पाहिले, उठून केले, असा क्रम लागला तर त्याहून चांगले काही नाही.

वाचनाची गोडी हा एकच हेतू असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला आहेत, थेट १९७१ सालापासून. ते इंटरॅक्टिव्ह वगैरे काही नाहीत. पण आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक नातवाच्या समोर उघडला की पुढचा संवाद घरातच होतो, त्याला ॲप लागत नाही.

मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि मराठी वाचायला कंटाळत असेल, तर त्याचे ‘सुलभभारती’ घ्या, पाठाचा कोड उघडा आणि आजीला शेजारी बसवा. आजीला फोन चालवता येत नाही, नातवाला जोडाक्षर वाचता येत नाही. दोघांचे काम एकमेकांवाचून अडते, हेच तर हवे आहे.

नववी-दहावीला हात आखडता घ्या. मंडळाची परीक्षा कागदावर, पेनाने, घड्याळ लावून होते. आकृती, प्रक्रिया, भूमितीची रचना समजून घेण्यापुरता पडदा ठेवा. उत्तरे वहीतच लिहून व्हायला हवीत.

दहा बाय बाराच्या खोलीत हे जमवायचे कसे?

घरात माणसे पाच, फोन दोन, त्यातला एक बाबांबरोबर कामावर. टीव्हीवर मालिका. ही स्थिती धरूनच बेत आखा.

वेळेचे आधी बघू. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. यात कार्टून आणि रील दोन्ही आले. अभ्यासासाठी मग फार तर वीस-पंचवीस मिनिटे उरतात. तेवढी पुरतात. पडदा संपला की लगेच त्याच विषयावर चार-पाच ओळी किंवा एक आकृती वहीत काढायची, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर लावायला गेलात तर भांडणे होतात.

घरात स्मार्ट टीव्ही असेल तर फोनचे पान त्यावर पाठवा. दोन भावंडे एकदम बघतात, वाद घालतात, ‘थांब, मी सांगते’ म्हणतात. एकट्याने फोनमध्ये डोके खुपसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. टीव्ही मोकळा कधी असतो हे तुमच्या घरच्या मालिकांवर ठरेल.

फोन संध्याकाळी उशिराच घरी येत असेल तर सकाळी शाळेआधी पंधरा मिनिटे ठेवा आणि साहित्य आदल्या रात्री उतरवून घ्या. घरात जागाच नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा. लालबागचा राजा मंडळाची साने गुरुजी अभ्यासिका किंवा वरळीची ‘अभ्यास गल्ली’ ही मोठ्या मुलांना ओळखीची नावे आहेत. अशा ठिकाणी जाताना इअरफोन विसरू नका. आणि गणपतीचे दहा दिवस लालबागमध्ये आवाजावर चालणारे कोणतेही पुस्तक काढू नका. त्या दिवसांत नकाशे, कोडी आणि मुकी सिम्युलेशन्स.

टॅब घ्यावा का? पाचवीपर्यंत गरज नाही. त्यापुढे घेतलात तर साधा, कोणतेही ॲप चालणारा घ्या. एकाच कंपनीचे साहित्य उघडणारा बंदिस्त टॅब वर्गणी संपली की निरुपयोगी होतो. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली. मूल पालिका शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा: टॅब घरी न्यायला मिळतो का, अभ्यासक्रम बदलला की नवे पाठ कोण भरते, आणि बिघडल्यास दुरुस्ती कुठे होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले तर उत्तम.

मुलाकडूनच पुस्तक करून घ्या

हा पर्याय पालक विचारत नाहीत, पण गोडीच्या बाबतीत याच्या जवळपास दुसरे काही येत नाही. शिक्षकांनी तर हा नक्की करून पाहावा, कारण परळ-लालबागइतके तयार साहित्य दुसऱ्या कुठल्या वस्तीकडे असेल असे वाटत नाही.

परिसर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून मुलांना गिरणगावाचे पुस्तक करू द्या. प्रेझेंटेशनच्या साध्या ॲपमध्ये दहा-बारा पाने. एका पानावर शिल्लक राहिलेल्या गिरणीच्या चिमणीचा मुलाने काढलेला फोटो, त्याला बोट लावले की आजोबांचा आवाज: भोंगा किती वाजता व्हायचा, पाळ्या कशा बदलायच्या. दुसऱ्या पानावर साचेखात्यात काम केलेल्या कुणाची मुलाखत. तिसऱ्यावर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाबद्दल तीन प्रश्न, उत्तरे पुढच्या पानावर दडवलेली. गिरगावातल्या मुलांना चाळीची गॅलरी, जिने, नळाची वेळ, गणेशोत्सव हे सगळे विषय दारात आहेत.

यात दोन पथ्ये पाळा. ज्यांचा आवाज किंवा फोटो घेता त्यांना आधी विचारा आणि पुस्तक झाल्यावर दाखवा. आणि नेटवरून उचललेले फोटो, गाणी घालू नका. मुलांना स्वतःचे काढू द्या. ज्या शिक्षकांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ‘एचफाइव्हपी’ हे मोफत साधन आहे, त्यात नकाशावर ठिपके, ओढून ठेवायची उत्तरे, मध्येच प्रश्न विचारणारी चित्रफीत असे सगळे तयार करता येते.

दिसायला किंवा वाचायला अडचण असलेली मुले

त्यांच्यासाठी डिजिटल पुस्तक ही चैन नसून हक्क आहे, आणि याबद्दल पालकांना फार कमी सांगितले जाते.

- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधने मोफत मिळायला हवीत. याच कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. तिच्या तपासणीसाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे.
- कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करून घ्यायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, मात्र व्यापारी हेतू नसावा.
- २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय आहे. सदस्य होण्याबद्दल वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये चौकशी करता येईल.
- फोनमध्ये मराठी मजकूर मोठ्याने वाचणारी सोय असते, ती सेटिंगमधल्या ‘सुलभता’ विभागात चालू करा. मघाशी सांगितलेली ‘शोधा’ची कसोटी इथे सर्वांत महत्त्वाची. जुन्या फाँटमधले पुस्तक ही सोय वाचूच शकत नाही.

पैसे देताना, आणि अडकलात तर

घरी आलेला प्रतिनिधी ‘आजच सही केली तर सवलत’ म्हणाला की सही उद्यावर टाका. मुलाची ‘मोफत चाचणी’ त्याच्यासमोर घेऊन लगेच निकाल सांगणे हे विक्रीचे तंत्र आहे. मुलाच्या देखत त्याला कच्चे ठरवू देऊ नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना याच गोष्टींपासून सावध केले होते: आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी देऊ नका, आणि ‘सोपे हप्ते’ म्हणजे कर्ज तर नाही ना ते तपासा.

बहुतेक वेळा ते कर्जच असते, आणि कंपनीशी तुमचे फिसकटले तरी हप्ते वेगळ्या वित्तसंस्थेला द्यावेच लागतात. कागदावर वित्तसंस्थेचे नाव शोधा. ॲपवरून घेतलेल्या अशा कर्जात बाहेर पडण्यासाठी सुरुवातीला ठरावीक मुदत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय सुटता येते. कार्ड किंवा यूपीआयवर दरमहा कापणी लावली असेल तर पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. तो वाचा, कापणी थांबवायचा पर्याय तिथेच असतो.

मुलाची माहिती भरताना हात आखडता ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती न दाखवण्याची तरतूद आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, तोवर पहारा तुमचाच. शाळेचे नाव, फोटो, संपर्कयादी मागणारे वाचनाचे ॲप कशाला हवे?

शाळेनेच एखाद्या ॲपची वर्गणी सक्तीची केली तर? खासगी शाळांचे शुल्क २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर यावे लागते. समितीच्या पालक प्रतिनिधींना इतिवृत्त मागा आणि हा खर्च मंजूर झाला होता का ते पाहा. एकट्याने मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा वर्गातल्या दहा पालकांनी मिळून एक पत्र द्यावे.

कंपनी पैसे परत देत नसेल तर या क्रमाने जा:

1. तक्रार ईमेलने करा, फोनवर नको. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती, करार, प्रतिनिधीशी झालेले वॉट्सॲप संभाषण जपून ठेवा.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात.
3. नाहीच मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला राहत्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असली तरी. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईच्या आयोगांचा वर्षानुवर्षांचा पत्ता परळच्या महात्मा गांधी रुग्णालयाजवळचे पुरवठा भवन हा आहे. जाण्याआधी तो एकदा तपासून घ्या, आणि कागदांच्या झेरॉक्सचे तीन संच बरोबर ठेवा.